लहान डिजिटल कॅमेरा व शेताची नोंद

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी कपाटाच्या वरच्या खणात एक लहानसा डिजिटल कॅमेरा पडून असेल. बहुधा २००८ ते २०१२ च्या सुमारास, मुलीच्या लग्नाकरिता किंवा यात्रेस निघताना, तो यवतमाळहून वा नागपूरहून आणलेला असावा. पुढे मोबाइल आला आणि त्याची कोणास आठवण उरली नाही. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघाच्या आकडेवारीप्रमाणे २०१० साली सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, आणि २०२३ साली हीच संख्या ८० लाखांच्याही आत आली. तेव्हा हे विस्मरण केवळ आपल्याच घरचे नव्हे. तथापि आर्णी तालुक्यात कापूस, सोयाबीन व तूर पिकविणाऱ्या शेतकऱ्यास हे यंत्र वखर-डवऱ्याइतके नसले, तरी घरच्या पर्जन्यमापकाइतके खचित उपयोगी आहे, असे आमचे अनुभवान्ती मत झाले आहे. नवा कॅमेरा विकत घ्यावा, असे आमचे मुळीच सांगणे नाही. अलीकडे शहरांतील तरुण मंडळींत जुन्या लहान कॅमेऱ्यांची हौस वाढल्यामुळे त्यांच्या किमती विनाकारण चढल्या आहेत. घरात आहे तो बाहेर काढावा, एवढेच म्हणणे आहे.

हे मत आम्हांस एका फजितीतून प्राप्त झाले, ती प्रथम सांगतो. २०२० च्या खरिपात महाराष्ट्रात ठिकठिकाणी सोयाबीनचे बियाणे उगवले नाही, हे वाचकांस स्मरत असेलच. आमच्याही एका तुकड्यात तासेच्या तासे मोकळी राहिली. बियाणे कोणाचे होते, हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. आम्ही तालुक्याच्या कृषी कार्यालयात तक्रार दिली आणि कपाटातील कॅमेरा काढून पंधरा-वीस फोटो घेतले. पाऊस अनुकूल होता. पंचनाम्याची वाट पाहत वाफसा दवडणे परवडण्याजोगे नव्हते, म्हणून तिसऱ्या दिवशी दुबार पेरणी केली. पुढे चौकशीस मंडळी आली तेव्हा शेतात नवे सोयाबीन दोन पानांवर उभे! जुन्या तासांचा साक्षीदार म्हणजे ते फोटोच काय ते. ते उघडून पाहतात तो प्रत्येकावर तारीख १ जानेवारी २००९. कॅमेरा कित्येक वर्षे बॅटरीवाचून पडलेला असल्याने त्यातील घड्याळ मूळपदावर गेले होते, आणि बॅटरी घालताना पडद्यावर आलेला तारखेचा प्रश्न आम्ही घाईने पुढे ढकलला होता. फोटोत ना गट क्रमांक, ना मोजपट्टी, ना ओळखीचे झाड. हे शेत तुमचेच कशावरून, असे त्यांनी विचारले. त्यास आम्हांपाशी उत्तर नव्हते. तक्रार दप्तरी दाखल झाली. चौकशीस आलेल्यांचा त्यात काही दोष होता असे आम्हांस वाटत नाही. दुबार पेरणीचा खर्च मात्र आमच्या अंगावर पडला.

या यंत्राचे अंतरंग थोडक्यात असे. पुढच्या भिंगातून आलेला प्रकाश आत फिल्मवर न पडता सिलिकॉनच्या एका चिमुकल्या पटलावर पडतो. लहान कॅमेऱ्यांत हे पटल बहुधा सुमारे ६ मिलिमीटर लांब व साडेचार मिलिमीटर रुंद, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढेच असते. त्यावरील लक्षावधी बिंदूंपैकी प्रत्येक बिंदू आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचे मोजमाप करतो व ते आकडे कार्डावर लिहिले जातात. असा पहिला कॅमेरा १९७५ साली अमेरिकेत ईस्टमन कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने जुळविला; त्याचे वजन सुमारे ३.६ किलो होते, बिंदू अवघे १०,००० होते, आणि एक काळे-पांढरे चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. आज आपल्या कपाटातील कॅमेऱ्यात कोटीभर बिंदू असतात. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने बिंदूंच्या संख्येपेक्षा महत्त्वाची गोष्ट ही की, चित्राबरोबर ते काढल्याचा दिवस, वेळ व कॅमेऱ्याचे नाव हीही त्याच फाइलीत आपोआप नोंदली जातात. अर्थात कॅमेऱ्यास जी वेळ सांगितली तीच तो लिहितो.

म्हणून पहिले काम घड्याळ लावण्याचे. बॅटरी बाहेर काढून ठेवल्यावर घड्याळ काही दिवसच चालते, सबब प्रत्येक वेळी बॅटरी घातल्यावर तारीख पाहावी. त्यावरही सर्वस्वी विसंबून राहू नये, कारण तारीख हाताने बदलता येते हे तपासणारासही ठाऊक असते. आम्ही आता एक पाटी बाळगतो. तीवर गावाचे नाव, गट क्रमांक, पीक, वाण, पेरणीची तारीख व आजची तारीख खडूने लिहून ती पहिल्या चित्रात उभी करतो, आणि शेजारी त्या दिवसाचे वर्तमानपत्र धरतो. वर्तमानपत्राने चित्र त्या दिवसापूर्वीचे नव्हे एवढेच सिद्ध होते. ते नंतरचे नव्हे हे दाखविण्याकरिता त्याच सायंकाळी ते चित्र संबंधित कार्यालयाच्या ई-मेलवर पाठवावे. या दोहोंच्या कात्रीत तारीख पक्की सापडते. शिवाय धुऱ्यावरची विहीर, बाभूळ किंवा विजेचा खांब असे जागचे न हलणारे काहीतरी एका चित्रात यावे. प्रकरण पुढे न्यायालयात अथवा ग्राहक आयोगापुढे जाण्याचा संभव असेल, तर मूळ कार्ड पुसू नये. ते पाकिटात घालून बाजूस ठेवावे व दुसरे वापरावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये अशा चित्रांच्या प्रतींसोबत प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि मूळ हाती असल्यास ते काम सोपे जाते. बियाण्याच्या तक्रारीत पिशवी, तीवरील लेबल व खरेदीची पावती यांचीही चित्रे लॉट क्रमांक वाचता येईल अशी घ्यावीत. पेरताना मूठभर बियाणे पिशवीत राखून ठेवावे, हे तर सर्वांस माहीत आहेच.

उगवणीचे चित्र घेताना मोकळे रान दाखवून भागत नाही. शेताच्या निरनिराळ्या भागांतील दहा जागी तासावर एक मीटर पट्टी आडवी ठेवून वरून सरळ फोटो घ्यावा, म्हणजे रोपे कोणासही मोजता येतात. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्यास किमान ७० टक्के उगवण ठरलेली आहे; परंतु बी खोल पडणे, पेरणीनंतर जमिनीवर पापुद्रा धरणे, पाणी साचणे या कारणांनीही उगवण घटते. म्हणून एका ठिकाणी माती उकरून न उगवलेला दाणा किती खोलीवर व कोणत्या स्थितीत आहे, हेही पट्टीसह टिपावे. ते आपल्या विरुद्ध गेले तरी हरकत नाही. निदान पुढच्या साली पाभर किती दाबावी हे कळते.

आता किडी-रोगांकडे वळू. आमच्या मते कॅमेऱ्याचा खरा उपयोग येथेच आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, आणि त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कापूस पोखरला. त्या वर्षी डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत शिरून, दोन-दोन तीन-तीन औषधे एकत्र करून फवारण्या चालल्या होत्या, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कीड कोणती हे निश्चित झाले असते तर निदान काही फवारण्या तरी टळल्या असत्या. जाणकाराने प्रत्येक धुऱ्यावर येणे शक्य नाही. आपले चित्र मात्र कृषी विज्ञान केंद्रात, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत पोहोचू शकते. पण चित्र अस्पष्ट असेल तर सल्लाही अंदाजाचाच मिळणार.

जवळचे चित्र घेण्याकरिता कॅमेऱ्यावर फुलाच्या खुणेचे बटण असते, ते दाबावे. त्यानंतर पुष्कळ लहान कॅमेरे दोन ते पाच सेंटिमीटरवरची वस्तू स्पष्ट टिपतात. येथे बहुतेकांची एक चूक होते: ते लांब उभे राहून झूम करतात. झूम केले की कॅमेऱ्याची जवळ पाहण्याची शक्ती कमी होते व चित्र धूसर येते. झूम पूर्ण मागे घेऊन स्वतःच जवळ जावे. बटण आधी अर्धेच दाबून पडद्यावर हिरवी चौकट येईपर्यंत थांबावे, मग पूर्ण दाबावे. पान बारीक व मागे मोकळे रान असले तर कॅमेरा पान सोडून रानच स्पष्ट करतो. अशा वेळी पानामागे आपला तळहात धरावा. फ्लॅश बंद ठेवावा, कारण इतक्या जवळून त्याने पान पांढरेफटक दिसते. फुलकिडे तर जेमतेम एक मिलिमीटरचे. त्यांच्याकरिता कॅमेऱ्याच्या भिंगापुढे हातभिंग धरले असता काम बरेच साधते.

गुलाबी बोंडअळीचे उदाहरण घेऊ. एक चित्र डोमकळीचे, म्हणजे पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारख्या चिकटून राहिलेल्या फुलाचे. दुसरे तेच फूल उघडून आतील अळीचे. तिसरे हिरवे बोंड चाकूने चिरून. कारण वरून निर्दोष दिसणाऱ्या बोंडातही अळी सापडते. अळी लहानपणी पांढुरकी असते व मोठी झाल्यावर गुलाबी होते, हे ध्यानात ठेवावे. चौथे चित्र कामगंध सापळ्याचे, पतंग मोजता येतील असे. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ पतंग, अथवा दहा टक्के फुले-बोंडे किडलेली, ही उपायाची पातळी मानली आहे. तेव्हा सापळ्याच्या रोजच्या चित्रांनी आयती नोंदवही तयार होते. सोयाबीनवरील खोडमाशी व तुरीवरील मर यांतही खोड उभे चिरूनच चित्र घ्यावे. वाळलेल्या झाडाचे नुसते वरचे चित्र पाहून कोणीही विद्वान निश्चित काही सांगू शकत नाही.

रंगाची बाब फार नाजूक आहे. कापसावरील ‘लाल्या’ अनेक कारणांनी येतो. मॅग्नेशियमची उणीव असल्यास शिरा हिरव्या राहून मधला भाग लाल होतो. तुडतुड्यांनी रस शोषल्यास पानाच्या कडा आधी पिवळ्या, मग लाल होऊन खाली वळतात. रात्रीच्या थंडीनेही पाने लाल होतात. आता सायंकाळच्या तांबूस उन्हात घेतलेल्या चित्रात धडधाकट पानही पिवळसर-लाल दिसते, आणि दुरून पाहणारा नत्र देण्यास सांगतो! म्हणून सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, पानावर आपली सावली पाडून चित्र घ्यावे व बाजूस एक कोरा पांढरा कागद ठेवावा. कागद पांढरा दिसला तर पानाचा रंगही विश्वसनीय समजावा. पानाची खालची बाजू विसरू नये, कारण तुडतुडे व पांढरी माशी तेथेच वस्ती करतात.

मोबाइल हाती असता हा उपद्‌व्याप कशाला, असे कोणी विचारील. आक्षेप रास्त आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत पिकाचा फोटो ॲपातूनच, शेतात उभे राहून घ्यावा लागतो. तेथे या कॅमेऱ्याचा उपयोग नाही, कारण बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांस जागेचे अक्षांश-रेखांश कळत नाहीत. पीकविम्याच्या अटी तर हंगामागणिक बदलतात. त्यात जे मागतील तेच द्यावे. परंतु मोबाइल दोन-तीन वर्षांत बदलतो, मुलांच्या हाती जातो, भरला की चित्रे पुसली जातात. शिवाय व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने पाठविलेले चित्र आकाराने आक्रसते व त्यातील तारखेची नोंद गळून पडते. चित्र पाठवावयाचेच तर ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. शेतापुरताच राखलेला कॅमेरा मात्र पाच-सात हंगाम एकाच ठिकाणी सांभाळून ठेवता येतो.

त्याचा लाभ आम्हांस असा झाला. आमच्या एका धुऱ्यावर रोवलेल्या दगडापाशी उभे राहून दर सोमवारी एक चित्र घेण्याचा परिपाठ आम्ही ठेवला आहे. अरुणावतीच्या बाजूच्या उताराचा एक पट्टा दरवर्षी सप्टेंबरात पिवळा पडतो, हे तीन हंगामांची चित्रे ओळीने लावल्यावर दिसले. डोळ्यांनी रोज पाहून ते कधी उमगले नव्हते. तेथे पाणी साचते, खताची उणीव नव्हे, असा बोध होऊन आम्ही तिकडे चर खोदला आणि युरियाची एक जादा मात्रा वाचविली. जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत किती माती वाहून गेली, हेही त्याच दगडाच्या उघड्या पडलेल्या बुंध्यावरून मोजता आले.

निगेविषयी थोडेसे. पावसाळ्यात दमट कपाटात ठेवल्यास भिंगावर बुरशीचे जाळे धरते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात कॅमेरा ठेवावा. डवरणीच्या व मळणीच्या धुळीत तो उघडा नेऊ नये. पुढे येणारी नळी एकदा मातीने अडकली की दुरुस्तीस कॅमेऱ्याच्या किमतीएवढा खर्च येतो. उन्हाळ्यात मोटारसायकलच्या डिकीत बॅटरी सोडून देऊ नये. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. ज्यांचा कॅमेरा साध्या पेन्सिल सेलवर चालतो ते भाग्यवान. ते सेल आर्णीच्या कोणत्याही दुकानात मिळतात. इतरांनी आपल्या बॅटरीवरील क्रमांक पाहून आत्ताच चौकशी करावी, कारण जुन्या जातीच्या बॅटऱ्या आता मागवाव्या लागतात. मृगापूर्वी एकदा कॅमेरा भारून, घड्याळ लावून, दोन चित्रे संगणकावर उघडून पाहावीत. कार्ड खराब असल्यास ते तेव्हाच कळते.