दुकानदार आणि त्याचा हिशेबनीस

लहान धंदा चालविणारा माणूस हिशेबनीस ठेवतो तो बहुधा कराच्या धास्तीने. आठवड्यातून दोनदा एक गृहस्थ येतात. मालक त्यांच्यापुढे कागदांची पिशवी ठेवतो आणि सुटलो एकदाचा, असे म्हणत गल्ल्याकडे वळतो. पुढचे सारे त्या गृहस्थांनी जाणावे! या समजुतीपायी पैसा तर जातोच, पण आपला धंदा खरोखर कोठे उभा आहे, हेही मालकाला उमगेनासे होते.

आपल्याकडील जुन्या पेढ्यांवर ज्या दिवशीचा व्यवहार त्या दिवशी रोजकीर्दीत लिहीत आणि तेथून तो ज्याच्या त्याच्या नावे खतावणीत जाई. ज्या रकमेचा ठावठिकाणा लागत नसे, ती उचंत खात्यात पडे. आता वह्यांची जागा संगणकाने घेतली. उचंत खाते मात्र गेले नाही, उलट फुगले. मालकाच्या मोबाइलवरून साडेचार हजार रुपये कोणाला तरी जातात. ते कच्च्या मालाचे, वाहतुकीचे, की मुलाच्या शाळेचे? हिशेबनिसाला बँकेच्या उताऱ्यात एक नाव आणि एक आकडा एवढेच दिसते. तीन महिन्यांनी विचारावे तर मालकालाही आठवत नाही. मग ती रक्कम घरच्या उचलीत टाकली, तर धंद्याचा खर्च बुडून नफ्यावरचा कर वाढतो. अंदाजाने धंद्याच्या नावे टाकली, तर तपासणीच्या वेळी पुरावा नसतो. धंद्याचे बँक-खाते निराळे ठेवावे, घरासाठी दरमहा ठरावीक रक्कम उचलावी, आणि प्रत्येक पावतीच्या पाठीवर त्याच दिवशी दोन शब्द लिहावेत. याला विद्वत्ता लागत नाही, सवय लागते.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि दिरंगाईची किंमत रुपयांत मोजता येऊ लागली. समजा, एखाद्या कारखानदाराने ५०,००० रुपयांचा माल घेऊन त्यावर १८ टक्क्यांप्रमाणे ९,००० रुपये कर दिला. हे ९,००० रुपये त्याला आपल्या विक्रीवरील करातून वजा करता येतात. परंतु विकणाऱ्याने ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखविले असेल तरच. दरमहा विवरण भरणाऱ्या विक्रेत्याची मुदत सामान्यतः पुढील महिन्याच्या ११ तारखेस संपते, १४ तारखेस खरेदीदाराची यादी तयार होते आणि २० तारखेपर्यंत कर भरावयाचा असतो. म्हणून बिले पहिल्या आठवड्यातच हिशेबनिसाच्या हाती पडली पाहिजेत. कोणता व्यापारी विवरण भरण्यात हटकून कुचराई करतो हे तो सांगेल. त्या व्यापाऱ्याला ११ तारखेपूर्वी फोन मात्र मालकाने करावा, कारण बाजारात वजन त्याच्या शब्दाला असते. पिशवी १९ तारखेस आली, तर ताडून पाहणार कोण आणि केव्हा? बिल यादीत नसले की त्या महिन्यापुरते ९,००० रुपये पदरचे भरावे लागतात. अशी दहा बिले झाली की ९०,००० रुपयांचे खेळते भांडवल अडकले.

सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातून गलाईच्या धंद्यासाठी आपले लोक देशभर पांगले आहेत. ज्यांची दुकाने दोन राज्यांत असतील, त्यांना या करासाठी प्रत्येक राज्यात निराळी नोंदणी करावी लागते, आणि एका दुकानातून दुसऱ्यात माल पाठविला तरी त्याचे बिल करावे लागते. ‘माल घरचाच, बिल कशाला?’ असे म्हणून चालत नाही. हिशेबनीस तिकडचा, मराठी न वाचणारा असेल, तर पावतीवरील ते दोन शब्दही त्याला वाचता येतील अशा भाषेत हवेत.

विश्वासाविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. रोकड घेणारा आणि रोकड लिहिणारा हात एकच नसावा. बँकेचा सांकेतिक शब्द किंवा कोऱ्या धनादेशांवरील सह्या हिशेबनिसाच्या स्वाधीन करू नयेत. यात त्याचा अपमान नाही. चांगला हिशेबनीस स्वतःच ते नाकारतो. विवरणात चूक झाली तर नोटीस मालकाच्याच नावे येते, हे दोघांनाही ठाऊक असते.

आणि महिन्यातून एकदा त्याच्याजवळ बसून कोणाकडून किती येणे आहे व ते किती दिवसांचे आहे, ही यादी मागावी. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत देण्याचे बंधन खरेदीदारावर आहे. त्यापुढे चक्रवाढ व्याज मागता येते. मात्र माल कोणत्या तारखेस स्वीकारला गेला याची पोच आपल्या हिशेबनिसाच्या फायलीत असली पाहिजे.