लिनक्स टाकायचंय, पण कुठलं?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या थांबल्या. घरगुती वापरासाठी नाव नोंदवलं तर आणखी एक वर्षाची सवलत आहे, तीही ऑक्टोबर २०२६ मध्ये संपते. ठाणे, डोंबिवली, कल्याणमधल्या घरांत, सोसायट्यांच्या ऑफिसांत, क्लासच्या मागच्या खोलीत असे पीसी आजही भरपूर आहेत. त्यातले कितीतरी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून इथल्या दुकानात जोडलेले: एच६१ चा मदरबोर्ड, तिसऱ्या पिढीचा आय३, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क. त्याच्याही आधीचे जी३१ बोर्डवाले ‘ड्युअल कोर’ कव्हर घालून कोपऱ्यात ठेवलेले असतात. यांच्यावर विंडोज ११ चढत नाही, आणि दुकानात विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘सर, आता नवीनच घ्या.’

विंडोज ११ नाही म्हणतं ते यंत्रात दम उरला नाही म्हणून नव्हे. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीतला लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धापासूनचे प्रोसेसर. २०१२ चा आय३ पत्र टाइप करायला, बँकेचं स्टेटमेंट उघडायला, मुलांना व्हिडिओ दाखवायला आजही पुरतो. त्याला फक्त दुरुस्त्या पुरवत राहणारी दुसरी सिस्टीम हवी. ती फुकट मिळते, तिचा सोर्स कोड कुणालाही बघता येतो आणि तिचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. घोडं अडतं ते पुढेच: लिनक्स एक नाही, शेकडो आहेत.

या गोंधळाचं मूळ त्याच्या घडणीत आहे. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. कुणीही वापरावी, बदलावी, वाटावी अशी पूर्ण सिस्टीम त्यांना उभी करायची होती. तिचा गाभा, म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांच्याशी थेट बोलणारं कर्नल, १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिलं आणि पुढच्या वर्षी ग्नूच्याच परवान्याखाली आणलं. हेच कर्नल आज तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये आहे आणि पुण्याच्या सी-डॅकमधल्या परम महासंगणकांवरही. त्याभोवती डेस्कटॉप, इन्स्टॉलर, ऑफिस, ब्राउझर असं सगळं बांधून दिलं की झाली डिस्ट्रो. डेबियन १९९३ ची, तिच्यावर बेतलेली उबुंटू २००४ ची, उबुंटूवर बेतलेली मिंट २००६ ची. आतला गाभा सगळीकडे तोच असल्यामुळे निवड खरं तर तीनच गोष्टींची असते: कुठल्या जातीच्या प्रोसेसरवर चालणार, डेस्कटॉप किती जड आणि दुरुस्त्या किती वर्षं मिळणार. ‘टॉप टेन लिनक्स’ छापाचे व्हिडिओ या तिन्हींना बगल देऊन वॉलपेपर दाखवत बसतात.

म्हणून सुरुवात डिस्ट्रोपासून नको, टेबलाखालच्या त्या ‘सीपीयू’पासून करू. (डब्याला सीपीयू म्हणण्यावर कॉम्प्युटरवाले वैतागतात, पण आता ते रूढच झालंय.)

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि त्यात अबाउट उघडलं की ‘सिस्टीम टाइप’ नावाची ओळ दिसते. जुन्या पीसीवर तिथे बरेचदा ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर’ असं लिहिलेलं सापडतं. ओळीचा पहिला भाग वाचून लोक ‘माझा ३२-बिट आहे’ म्हणून मोकळे होतात. निकाल दुसऱ्या भागात आहे. ३२-बिट सिस्टीमला मेमरीतल्या घरांचे पत्ते दोनाच्या ३२ व्या घातापर्यंतच लिहिता येतात. म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ बाइट, आपले ४ जीबी. पीसीत दोनच जीबी रॅम असायची तेव्हा दुकानदार सर्रास ३२-बिट विंडोज टाकून द्यायचे, त्यात गैरही काही नव्हतं. पण खालचा प्रोसेसर, अगदी २००६ चा कोअर २ ड्युओसुद्धा, ६४-बिट होता. हे तपासणं आता महत्त्वाचं झालंय, कारण ३२-बिटची दारं एकेक करून बंद होताहेत. उबुंटूने ती केव्हाच सोडली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. खरोखरच ३२-बिट प्रोसेसर असेल तर डेबियन १२ आणि तिच्यावर बेतलेली अँटीएक्स २३ हे आसरे उरतात. डेबियन १२ चा दीर्घ आधार जून २०२८ पर्यंत आहे.

मग रॅम. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि डिस्क म्हणजे माळा. ओटा भरला की सिस्टीम एकेक वस्तू माळ्यावर टाकते आणि लागली की परत उतरवते. याला स्वॅपिंग म्हणतात आणि ‘पीसी हँग होतो’ या तक्रारीतली निम्मी तरी हीच असते. हार्ड डिस्कवर ही चढ-उतर किती महाग पडते ते हिशेबाने कळतं. ७२०० आरपीएमची तबकडी सेकंदाला १२० वेळा फिरते. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंदांवर थोडं; डोकं योग्य वर्तुळावर जायला आणखी आठ-नऊ. एका विखुरलेल्या तुकड्यामागे बारा-तेरा मिलिसेकंद गेले, की सेकंदाला जेमतेम ऐंशी तुकडे. सिस्टीम सुरू होताना असे हजारो तुकडे लागतात. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्याने तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहून लवकर होतं. एच६१ बोर्डवरचे साटा पोर्ट जुन्या, सेकंदाला तीनशे एमबीच्या पिढीतले असतात हे खरं. पण इथे वेग मारला जातो तो तुकडे शोधण्यात, वाहून नेण्यात नाही. म्हणून माझं मत विचाराल तर डिस्ट्रोवर तीन संध्याकाळी वाद घालण्याआधी छोटी साटा एसएसडी बसवून घ्या. कुठलंही लिनक्स तिच्याएवढा फरक पाडणार नाही.

यानंतरची निवड फार अवघड राहत नाही. आठ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर मिंटची सिनॅमन आवृत्ती घ्या. विंडोज ७ वर वाढलेल्या माणसाला तिथे स्टार्ट मेनू शोधावा लागत नाही. चार जीबी असेल तर मिंटचीच एक्सएफसीई. दिसायला साधी, पण रिकामी बसलेली असताना काहीशे एमबी कमी खाते. मिंट २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत, तेव्हा दर सहा महिन्यांनी नवीन काही टाकायची कटकट नाही. दोन जीबीला मिंट स्वतःची किमान गरज म्हणते, पण तिथे मी लुबुंटू किंवा अँटीएक्स सुचवेन. आणि जी३१ चा बोर्ड असेल तर त्याची कमाल मर्यादाच चार जीबी आहे. जुनी डीडीआर२ रॅम शोधत उल्हासनगर पालथं घालण्यापूर्वी हे लक्षात असू द्या.

दोन जीबीच्या पीसीची खरी अडचण मात्र सिस्टीम नसतेच, ब्राउझर असतो. सिस्टीम पाचशे एमबीत बसवता येते. त्यावर बातम्यांचं एखादं संकेतस्थळ, मेल आणि यूट्यूब असे तीन टॅब उघडले की उरलेली रॅम संपली. शेजारच्या रायगड जिल्ह्यात खैरात नावाच्या छोट्या गावातल्या शाळेत २००७ मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चा भारतातला पहिला प्रयोग सुरू झाला. मुलांना मिळालेल्या एक्सओ लॅपटॉपमध्ये ४३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि हार्ड डिस्कऐवजी एक जीबी फ्लॅश मेमरी होती. त्यावर फेडोरा लिनक्सची काटछाट केलेली आवृत्ती आणि लहान मुलांसाठी मुद्दाम लिहिलेला ‘शुगर’ नावाचा डेस्कटॉप चालायचा. म्हणजे यंत्र आणि सिस्टीम एकमेकांच्या मापाने बेतलेली होती. आज त्या मापाची सिस्टीम सापडेल, त्या मापाचं इंटरनेट सापडणार नाही. म्हणूनच एक जीबीच्या जुन्या पीसीला वेबवर फिरायला लावण्यापेक्षा टायपिंगच्या सरावाला किंवा गाणी वाजवायला ठेवलेलं बरं.

आता ज्याबद्दल लिनक्सचे भक्त जरा हळू आवाजात बोलतात त्याकडे वळू. सोसायटीचे हिशेब टॅलीवर असतील तर टॅलीची लिनक्स आवृत्ती नाही. पत्रिका आणि फ्लेक्स बनवणाऱ्यांचं कोरलड्रॉ नाही. प्रिंटरची तऱ्हा आणखी वेगळी. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानापासून वकिलाच्या टेबलापर्यंत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० कॅप्ट नावाच्या खास भाषेत बोलतो आणि त्याला लिनक्सवर बोलतं करणं कटकटीचं आहे. एचपीचे बहुतेक प्रिंटर एचपीलिप या ड्रायव्हरसंचामुळे चालतात; लेझरजेट १०२० सारख्यांना एक जोड-फाइल उतरवून द्यावी लागते, एवढंच. गेल्या काही वर्षांतले वायफायवाले प्रिंटर तर ड्रायव्हर न मागताच ओळखले जातात. तेव्हा डिस्ट्रोचं नाव ठरवण्याआधी प्रिंटरचं मॉडेल वाचा.

मराठीची चिंता त्या मानाने उरलेली नाही. २००० च्या सुमारास प्रकाश अडवाणी आणि वेंकटेश हरिहरन यांनी मुंबईत इंडलिनक्स सुरू केलं, तेव्हा लिनक्सच्या पडद्यावर जोडाक्षर नीट उमटणं हेच मोठं काम होतं. पुढे रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी लोहित फॉन्ट सांभाळले, वाढवले. आज इन्स्क्रिप्ट कळफलक दोन क्लिकमध्ये सुरू होतो आणि लिबरऑफिसमध्ये मराठी व्यवस्थित लिहिता येतं. अडतं ते जुन्या फायलींपाशी. श्रीलिपीच्या किंवा कृतिदेवच्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली इतिवृत्तं लिनक्सवर अगम्य चिन्हं होऊन उघडतात. ती आधीच युनिकोडमध्ये बदलून घ्यायला हवीत. शिकायचं असेल तर पवईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी उभारलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिबरऑफिसचे छोटे पाठ मराठी निवेदनासह मोफत आहेत. आपल्याकडच्या दोन पिढ्या एमएस-सीआयटीच्या वर्गात विंडोजलाच कॉम्प्युटर समजून शिकल्या. केरळने सरकारी शाळांत मुलांच्या हाती लिनक्स दिलं, त्यामुळे तिथे या विषयाची एवढी धास्ती नसते.

प्रत्यक्ष टाकण्यापूर्वी पीसीला हात न लावता चाचणी घेता येते. डिस्ट्रोची उतरवलेली आयएसओ फाइल रूफस किंवा एचर या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर चढवा, पीसी पेनड्राइव्हवरून सुरू करा आणि ‘लाइव्ह’ स्थितीत तासभर वापरा. आवाज येतो का, वायफाय दिसतं का, प्रिंटर ओळखला जातो का, सगळं तिथेच कळतं. यूएसबी वायफाय काडी चालली नाही तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा. नेट मिळतं आणि ड्रायव्हर उतरवता येतो. आयएसओ मूळ संकेतस्थळावरूनच घ्या आणि तिची शा-२५६ बेरीज ताडून पाहा. हा सोपस्कार उगाच नाही: फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्याच संकेतस्थळात घुसून कुणीतरी खऱ्या फाइलऐवजी चोरवाट असलेल्या फाइलकडे दुवा वळवला होता. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ही बेरीज पार वेगळी येते, म्हणून ती ताडायची.

पीसी सुरूच होत नसेल तर लिनक्सला दोष देण्याआधी रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासा. आपल्या दमट हवेत हा उपाय अजून चालतो. आणि मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. तो मेलेला असला की घड्याळ दहा-पंधरा वर्षं मागे जातं, प्रत्येक संकेतस्थळाचं प्रमाणपत्र ‘अजून लागूच झालेलं नाही’ असं ब्राउझरला वाटतं आणि एकही पान उघडत नाही.

दोन डिस्ट्रोंमध्ये मन अडकलं असेल तर अडल्यावर ज्याला फोन लावाल तो भाचा किंवा शेजारचा इंजिनीअरिंगचा मुलगा काय वापरतो ते विचारा आणि तीच टाका. तांत्रिक फरकांपेक्षा हा फरक रोजच्या वापरात जास्त जाणवतो.

टॅलीमुळे विंडोज सोडताच येत नसेल तर एका डिस्कचे दोन वाटे करत बसू नका. जुनी हार्ड डिस्क विंडोजसकट तशीच राहू द्या, ती फक्त हिशेबापुरती चालू करा आणि नव्या एसएसडीवर लिनक्स टाका. टाकताना हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा, म्हणजे चुकून भलत्याच डिस्कवर फॉरमॅट मारला जाणार नाही. काम झालं की केबल परत लावा. पीसी सुरू होताना बूट मेनूची कळ दाबून हवी ती डिस्क निवडता येते. ही कळ कुठे एफ८ असते, कुठे एफ११, तर कुठे एफ१२. सापडली की स्केच पेनने कॅबिनेटवरच लिहून ठेवा, कारण ती दर वेळी कुणीतरी विचारतंच.