एएस/४००चे एरर मेसेज: गैरसमज आणि वस्तुस्थिती

आयबीएमने २१ जून १९८८ रोजी एएस/४०० जाहीर केलं. पुढे ते आयसिरीज झालं, सिस्टिम आय झालं आणि २००८पासून आयबीएम आय. तरी पुण्या-मुंबईत रात्रपाळीला बसून परदेशातल्या बँका, विमा कंपन्या आणि गोदामांचे जॉब सांभाळणारे अनेकजण अजून ‘एएस फोर हंड्रेड’च म्हणतात. रात्रीची बॅच मध्येच थांबते, जॉबसमोर ‘एमएसजीडब्ल्यू’ दिसतं. म्हणजे जॉब कुणाच्या तरी उत्तरासाठी अडून बसला आहे. घाईत दिलेल्या त्या एका अक्षराच्या उत्तरावर सकाळचे हिशेब अवलंबून असतात. त्यामुळे या मेसेजांविषयीचे काही समज तपासून घ्यायलाच हवेत.

पहिला समज सगळ्यात खोल रुजलेला: जो प्रोग्रॅम अडला, दोष त्याचाच. ‘डेसिमल डेटा एरर’ घ्या. सिस्टिम तिला एमसीएच१२०२ म्हणते आणि आरपीजी भाषेतल्या प्रोग्रॅममधून ती आरएनक्यू०९०७ होऊन समोर येते. पॅक्ड फील्डमध्ये एका बाइटात दोन अंक बसतात आणि शेवटच्या अर्ध्या बाइटात अधिक-उणे चिन्ह असतं. तिथे कुणी कोऱ्या जागा भरून ठेवल्या, तर एबसिडिक या अक्षरसंकेतात प्रत्येक कोरी जागा म्हणजे हेक्स ४०. त्यातलं शेवटचं शून्य चिन्ह म्हणून चालत नाही आणि गणित तिथेच थांबतं.

आता खरी गोष्ट अशी की डीडीएस या जुन्या व्याख्या-पद्धतीने बनवलेली फाइल रेकॉर्ड लिहिताना पॅक्ड फील्डमधला आकडा तपासतच नाही. सोमवारी एखाद्या इंटरफेसने किंवा ‘नो चेक’ लावून केलेल्या फाइल कॉपीने खराब रेकॉर्ड आत सोडलेलं असतं आणि शुक्रवारी ते वाचणारा निर्दोष प्रोग्रॅम पडतो. मग लोक त्या प्रोग्रॅमचा सोर्स ओळ न् ओळ तपासत बसतात. शोध घ्यायचा तो रेकॉर्ड कुणी लिहिलं याचा. खराब पॅक्ड आकड्याच्या जागी शून्य धरण्याची सोय कंपाइल करताना मिळते, पण रकमेच्या फील्डवर ती वापरणं मला धोक्याचं वाटतं. मेसेज बंद होतो, रक्कम मात्र शून्य होऊन पुढच्या रिपोर्टात जाते. एसक्यूएलने बनवलेलं टेबल खराब आकडा लिहितानाच अडवतं, त्यामुळे तिथे चूक करणारा जागेवरच सापडतो.

दुसरा समज उत्तरांबद्दलचा. ‘जी’ म्हणजे पुढे चला, असं नव्या माणसाला सांगितलं जातं. ते अर्धवट आहे. अडलेल्या ओळीच्या पुढच्या ओळीपासून काम सुरू होत नाही. प्रोग्रॅम आरपीजी सायकलच्या ‘गेट-इन’ टप्प्यावर जातो. प्रायमरी फाइल असेल तर तो पुढचं रेकॉर्ड उचलतो आणि हातातलं अर्धवट सोडतो. प्रायमरी फाइल नसलेल्या प्रोग्रॅममध्ये मुख्य गणितं पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू होऊ शकतात.

‘सी’ म्हणजे रद्द करा. ते देऊन जॉब पुन्हा सबमिट करणंही वाटतं तितकं निर्धोक नाही. कमिटमेंट कंट्रोल लावलेला असेल तर कमिट न झालेले बदल मागे घेतले जातात. तो नसेल, आणि जुन्या प्रोग्रॅममध्ये बऱ्याचदा नसतो, तर पडण्यापूर्वी लिहिलेलं सगळं फाइलमध्ये तसंच राहतं. तोच जॉब पुन्हा चालवला की त्याच पावत्या दुसऱ्यांदा पोस्ट होतात. उत्तर देण्याआधी जॉब कुठपर्यंत पोहोचला होता हे जॉब लॉगमध्ये आणि फाइलमध्ये बघावंच लागतं. ‘डी’ दिल्यास प्रोग्रॅम थांबण्याआधी डंप मिळतो आणि त्यात फील्डच्या त्या क्षणीच्या किमती असतात. कारण माहीत नसेल तर नुसत्या ‘सी’पेक्षा ‘डी’ कधीही बरं.

‘लेव्हल चेक’, म्हणजे सीपीएफ४१३१, हा अनेकांना निव्वळ अडथळा वाटतो आणि फाइलवरची तपासणी बंद करून मोकळं होण्याचा मोह होतो. ही तपासणी प्रोग्रॅम कंपाइल झाला तेव्हाचा रेकॉर्ड फॉरमॅट आणि आजचा फॉरमॅट एकच आहे का, हे बघते. मध्ये एखादं फील्ड घुसवलं असेल आणि तपासणी बंद असेल, तर प्रोग्रॅम जुन्याच जागांवरचे बाइट उचलतो: ग्राहक क्रमांकाच्या जागी तारखेचा तुकडा, रकमेच्या जागी आणखी काही. मेसेज न देता चुकीचं लिहिणारा प्रोग्रॅम थांबलेल्या प्रोग्रॅमपेक्षा फार महाग पडतो. ‘डिस्प्ले प्रोग्रॅम रेफरन्स’ने ती फाइल वापरणारे प्रोग्रॅम शोधून ते पुन्हा कंपाइल करणं हा सरळ उपाय आहे.

रेकॉर्ड लॉक झालं म्हणजे डेटाबेस बिघडला, असं मुळीच नाही. सीपीएफ५०२७मध्ये ते रेकॉर्ड धरून बसलेल्या जॉबचं नावच दिलेलं असतं. बहुतेक वेळा कुणीतरी दुरुस्तीचा स्क्रीन उघडा ठेवून उठून गेलेलं असतं. मेसेज मोघम असतात ही तक्रारही पहिली ओळ वाचून केलेली असते. कर्सर मेसेजवर ठेवून हेल्पची कळ दाबली की कारण, उपाय आणि प्रत्येक उत्तराचा परिणाम वाचायला मिळतो.

‘मेंबर भरला’ सांगणारा सीपीए५३०५ मात्र उगाच घाबरवतो. फाइल बनवताना आकार दिला नाही, तर सुरुवातीला १०,००० रेकॉर्ड आणि नंतर १,०००च्या ३ वाढी, म्हणजे एकूण १३,००० रेकॉर्डची मर्यादा लागते. ‘आय’ दिलं की आणखी जागा मिळते आणि जॉब पुढे सरकतो. त्याआधी शेवटची काही रेकॉर्ड उघडून बघावीत. एकच रेकॉर्ड शेकडो वेळा लिहिलेलं दिसलं, तर प्रोग्रॅम लूपमध्ये अडकला आहे आणि तिथे ‘सी’ योग्य. डेटा खरा असेल, तर ‘आय’ द्यावं आणि सकाळी ‘चेंज फिजिकल फाइल’ने मर्यादा ‘नो मॅक्स’ करून घ्यावी.