दोन कंपन्या, एकच चर

सोयगाव तालुका महसुली नकाशात मराठवाड्यात, पण आहे अजिंठ्याच्या डोंगररांगेखाली, खानदेशाच्या बाजूला. इथलं पाणी गोदावरीला नाही, तापीला मिळतं. जिल्ह्याच्या गावी जायचं तर घाट चढून सिल्लोडमार्गे जावं लागतं; शेंदुर्णी, पाचोरा मात्र घाट न चढता गाठता येतात. इंटरनेट अखंड हवं असेल, तर सोयगावसाठी हा भूगोल फार मोलाचा आहे.

बँक, सेतू केंद्र, रेशनचं ई-पॉस यंत्र, कापसाच्या व्यापाऱ्याचं यूपीआय, सारं आता लाइनवर अवलंबून. म्हणून अनेक जण दुसऱ्या बड्या कंपनीचंही कनेक्शन घेतात. हिशोब मोहात पाडणारा आहे. ९९ टक्के वेळ चालणारं कनेक्शन वर्षात सुमारे ८७ तास बंद असतं. अशी दोन घेतली, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याचा काळ ५३ मिनिटांवर येतो. पण हा गुणाकार खरा ठरतो तो दोन्ही बिघाडांचा एकमेकांशी काही संबंध नसेल तरच.

आणि संबंध असतो. कंपन्या एकमेकींची फायबर भाड्यानं घेतात, एकाच रस्त्याच्या कडेनं चर खणतात. बिलं दोन येतात, जेसीबीचं बकेट मात्र एकदाच खाली येतं. दूरसंचार विभागाच्या अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे १० लाख ठिकाणी फायबर तुटते आणि ३,००० कोटींचं नुकसान होतं. खोदण्याआधी सूचना देण्याचं सरकारी ॲप २०२३मध्ये आलं ते याचसाठी. मोठी शहरंही यातून सुटत नाहीत. १८ जुलै २००१ रोजी अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या रेल्वे बोगद्यात मालगाडी घसरून आग लागली आणि तिथून गेलेल्या अनेक कंपन्यांच्या केबल एकाच आगीत सापडल्या. मोबाइलचं नेट हा पर्यायही तपासून घ्यावा लागतो, कारण टॉवरलाही बहुतेकदा फायबरच जोडलेली असते, आणि ती त्याच चरातली असू शकते.

तुटलेली जागा सापडते कशी, हे पाहण्यासारखं आहे. तंत्रज्ञ फायबरमध्ये प्रकाशाचा स्पंद सोडतो आणि तो परतायला लागलेला वेळ मोजतो. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो, प्रतिध्वनी ०.२ मिलिसेकंदात आला, तर तूट २० किलोमीटरवर. मग तिथं जाऊन खड्डा उकरायचा, निळा, नारिंगी, हिरवा असे रंग जुळवायचे आणि ०.१२५ मिलिमीटर जाडीचे तंतू विजेच्या ठिणगीनं वितळवून सांधायचे. भर पावसात, घाटात, रात्री हे करणाऱ्यांच्या कौशल्याची दखल आपण कधी घेत नाही.

खर्चाचं म्हणाल, तर घरगुती ब्रॉडबँड महिना चार-पाचशे रुपयांपासून मिळतं; दुरुस्तीच्या मुदतीची लेखी हमी देणारी लीज लाइन हजारोंत जाते. दोन कंपन्यांवर आपला तोच आयपी पत्ता चालवायचा, तर स्वतःचे किमान २५६ पत्ते आणि स्वतंत्र नेटवर्क क्रमांक लागतो. तालुक्यातल्या दुकानाला किंवा पतसंस्थेला हे परवडणारं नाही आणि गरजेचंही नाही. माझ्या मते त्यांना एक फायबर, दुसरं वेगळ्या वाटेचं साधं कनेक्शन आणि दोन लाइन घेणारा राउटर पुरतो.

खरा प्रश्न वाटेचा आहे. गावोगावी इंटरनेट नेणाऱ्या भारतनेट या सरकारी योजनेच्या आधीच्या टप्प्यांत बहुतेक ठिकाणी तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत एकेरी फायबर गेली. मध्ये तुटली की पुढची गावं बंद. ऑगस्ट २०२३मध्ये मंजूर झालेल्या १ लाख ३९ हजार ५७९ कोटींच्या सुधारित योजनेत म्हणूनच वर्तुळाकार जोडणी धरली आहे. सोयगावसाठी असं वर्तुळ आखायचं, तर एक बाजू घाटानं सिल्लोडकडे आणि दुसरी शेंदुर्णी-पाचोऱ्याकडे जायला हवी. पाचोरा मुंबई-भुसावळ लोहमार्गावर आहे, आणि रेलटेल या रेल्वेच्या दूरसंचार कंपनीची फायबर रुळांच्या कडेनंच जाते.

दुसरं कनेक्शन घेताना वेगाआधी विचारावं: तुमची फायबर गावाबाहेर कुठल्या रस्त्यानं जाते? उत्तर लेखी घ्यावं. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही इन्व्हर्टरवर ठेवावेत. आणि दर महिन्याला, गर्दी नसताना, मुख्य लाइनची वायर स्वतः काढून दुसरी लाइन काम उचलते का, ते पाहावं.