एका सर्व्हरवर दोन पीएचपी

पीएचपीची ७.० ही आवृत्ती डिसेंबर २०१५ मध्ये आली आणि मायएसक्यूएल डेटाबेसशी बोलणारी जुनी फंक्शन्स तिने काढूनच टाकली. ती वापरणारी जुनी संकेतस्थळे त्या आवृत्तीवर नेताच बंद पडत. पण असे बंद पडणे परवडते, कारण चूक लगेच दिसते. घोर लावतात ते मुकाट बदल. शून्य हा आकडा आणि 'पुणे' हा शब्द दोन बरोबरचिन्हांनी ताडून पाहिले, तर पूर्वी दोन्ही समान ठरत. २०२० च्या पीएचपी ८.० पासून ते असमान ठरतात. पान उघडते, त्रुटीचा संदेश येत नाही, फक्त एखादी सवलत भलत्याच ग्राहकाला मिळते. म्हणूनच एका सर्व्हरवर दोन आवृत्त्या ठेवण्याचा खरा लाभ जुने संकेतस्थळ जगवण्यात नाही. तोच कोड, तीच माहिती दोन्हींवर चालवून उत्तरे ताडून पाहता येतात, यात आहे.

अपाचीच्या आत मॉड्यूल म्हणून पीएचपी बसवली की सगळ्या संकेतस्थळांना एकच आवृत्ती मिळते. २०१० पासून पीएचपीसोबतच येणाऱ्या एफपीएम या प्रक्रिया-व्यवस्थापकाने ही अडचण सोडवली. प्रत्येक आवृत्तीची प्रक्रिया वेगळी, तिचे सॉकेट वेगळे. कोणत्या संकेतस्थळाची विनंती कोणत्या सॉकेटकडे जाईल, एवढेच वेब सर्व्हरने ठरवायचे.

यावर सुरक्षिततेचा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. ५.६ च्या सुरक्षा दुरुस्त्या २०१८ च्या अखेरीस थांबल्या, ७.४ च्या नोव्हेंबर २०२२ मध्ये. जुन्या आवृत्तीच्या प्रक्रियांना वेगळा युझर आणि मोजक्याच फायलींची परवानगी दिली तर धोका आटोक्यात राहतो, पण कर्नल एकच असल्याने संपत नाही. त्यामुळे जुनी आवृत्ती बंद करण्याची तारीख पहिल्याच दिवशी ठरलेली हवी. ती नसेल तर ही सोय मी कुणालाही सुचवणार नाही. कंटेनर वापरा, असेही सांगितले जाते. नव्या मांडणीत ते उत्तमच. मात्र कंटेनरमध्ये गेली म्हणून ५.६ नवी होत नाही, आणि एकाच माणसाच्या भरवशावर चालणाऱ्या छोट्या सर्व्हरवर कंटेनरची देखभाल हे आणखी एक काम होऊन बसते.

दोन आवृत्त्यांच्या तुलनेतून सर्वाधिक निसटतात ती क्रॉनची, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामे. वेब सर्व्हरचे सॉकेट बदलले तरी कमांड लाइनवरची पीएचपी बदलत नाही. दिवसा पाने ८ वर आणि रात्रीची बिले ७.४ वर, असा प्रकार महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही. क्रॉनच्या प्रत्येक ओळीत आवृत्तीसह पूर्ण पाथ लिहावा आणि रात्रीच्या बिलांचे आकडेही दोन्हींवर काढून पाहावेत.