जुन्या कटिंगांचे दप्तर

आईच्या मागे राहिलेल्या सामानाची वाटणी करताना भांडी, लुगडी आणि देव यांचा निकाल एका दिवसात लागला. परंतु माजघरातील फडताळाच्या तळच्या कप्प्यात, जुन्या धोतराच्या धडप्यात बांधलेले जे एक गाठोडे निघाले, त्याचे काय करावे हे ठरवण्यास मला आणि अक्काला तीन दुपारी लागल्या. त्या गाठोड्यात शिवलेला कपडा एकही नव्हता. वर्तमानपत्रे, किराणा दुकानातून आलेला खाकी कागद, देवदेवतांच्या चित्रांच्या दिनदर्शिकांची कोरी पाठ आणि क्वचित मांजरपाट, यांवर कातरून ठेवलेली ब्लाउज, परकर, झबली, टोपडी, फ्रॉक आणि सदरे यांची ती कटिंगे होती. मोजदाद केली तेव्हा ती 164 भरली. साताऱ्याच्या आमच्या घरी, ओटीवरच्या यंत्राशी बसून, आईने सुमारे चाळीस वर्षे आळीतल्या बायकांचे शिवण केले. त्या चाळीस वर्षांचे दप्तर म्हणजे हे गाठोडे.

"टाकून दे गं सगळं, कसर लागलीय त्याला," असे अक्का पहिल्याच दुपारी म्हणाली, आणि तिचे म्हणणे गैरवाजवी नव्हते. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, आणि त्या लगद्यात राहून गेलेले लिग्निन हे द्रव्य उजेड व हवा यांच्या योगाने कागदास पिवळा आणि ठिसूळ करते. म्हणून असा कागद घडीवर तडकतो, आणि आईच्या कटिंगांची घडी बहुधा मुंढ्यातून गेलेली असल्यामुळे, जेथे अचूकपणाची सर्वांत अधिक गरज, तेथेच त्याने प्रथम दगा दिलेला होता. काही कागद हातात घेताच चुरा होऊन मांडीवर पडले. तथापि, कागदाची दुरवस्था हा केवळ कागदाचा प्रश्न आहे, त्याची नक्कल काढता येते. नक्कल काढण्याजोगे त्यात काय आहे, हा खरा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर प्रत्येक कटिंग उलगडून, सपाट करून, टेपने मोजून पाहिल्यावाचून मिळणारे नव्हते.

पहिली अडचण काळाची आली. आईने मापे लिहिली होती, तारखा लिहिल्या नव्हत्या. एका झबल्याच्या पाठीवर कोयनेच्या भूकंपाची बातमी होती. तो भूकंप 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे झाला, आणि आमचा धाकटा भाऊ त्यानंतरच्या उन्हाळ्यात जन्मला, त्यामुळे ते झबले त्याचेच असावे असे अनुमान निघाले. परंतु वर्तमानपत्राची तारीख एवढाच दाखला देते की कटिंग त्या दिवसाच्या आधीचे नाही. रद्दी घरात किती वर्षे पडून होती हे ती सांगत नाही. मोजमापाच्या पद्धतीनेही फारसे साहाय्य झाले नाही. 1956 च्या कायद्यानंतर कापड गज सोडून मीटरवर विकले जाऊ लागले आणि आईच्या शेऱ्यांतही "सव्वा गज" या जागी पुढे "एक मीटर" आले. पण टेपवरचा इंच तिने शेवटपर्यंत सोडला नाही, आणि तो शिवणकाम करणाऱ्यांनी आजही सोडलेला नाही.

काळाचा नाद सोडून मग आम्ही कामाचा निकष लावला. ब्लाउजचे साधे कटिंग छातीच्या मापावर उभे असते. छाती 32 इंच धरली तर तिचा चौथा हिस्सा 8 इंच. त्यात सैलपणासाठी आणि शिलाईसाठी ठरावीक भर घातली की पाठीच्या वा पुढ्याच्या अर्ध्या भागाची रुंदी मिळते, आणि छाती दोन इंचांनी वाढली तर त्या भागात अर्धा इंच वाढतो. गळा, खांदा, मुंढ्याची खोली हीदेखील पुष्कळ अंशी याच मापाच्या अपूर्णांकांवरून काढता येतात. झारापकरांच्या कर्तनपद्धतीच्या पुस्तकासारखा ग्रंथ हाताशी असेल, तर असे कटिंग कोणतीही शिकलेली बाई अर्ध्या तासात नव्याने काढील. तेव्हा केवळ सूत्रावरून काढलेले जे कटिंग असेल, ते कितीही जुने असो, ते खारीज करावयाचे, असा पहिला नियम आम्ही ठरवला. सहा कळ्यांचे परकर, साधी टोपडी, बालवाडीतल्या मुलींचे फ्रॉक, एकाच मापाची पाच-पाच ब्लाउजे, अशी 97 कटिंगे या नियमाने बाद झाली. प्रत्येक प्रकारातील एक नमुन्यादाखल ठेवावे, असा मोह झाला होता. परंतु नमुन्यादाखल ठेवण्यास सुरुवात झाली की काहीच टाकणे होत नाही, हे आमच्याच घरातील माळ्याने आम्हाला पूर्वी शिकवलेले होते.

दुसरा नियम मला एका नुकसानीने शिकवला होता. माझ्या लग्नानंतर सासूबाईंनी माझ्या ओटीत गुळेदगुडचा एक खण घातला होता. तो मी आईच्या गाठोड्यातील, माझ्याच मापाच्या एका कटिंगावरून बेतला. कडेच्या शिलाईसाठी जी माया ठेवावी लागते ती त्या कागदातच धरलेली आहे, असे मी गृहीत धरले आणि कागदाच्या कडेकडेने कातर चालवली; वस्तुतः ती धरलेली नव्हती. पाठीच्या दोन आणि पुढ्याच्या दोन, अशा चार कडांवर अर्धा-अर्धा इंच शिलाईत गेला, ब्लाउज छातीत दोन इंचांनी आखूड पडले, आणि उसवून सैल करावे तर आत माया म्हणून काही उरलेलेच नव्हते. आईला दाखवले तेव्हा ती रागावली नाही. तिने शिसपेन्सिल घेतली आणि त्या दिवसापासून पुढच्या प्रत्येक कटिंगावर "माया धरली" किंवा "माया धरायची" एवढे दोन शब्द लिहू लागली. हे दोन शब्द ज्यावर आहेत ते कटिंग विश्वासाचे. ज्यावर नाहीत ते, कितीही सुबक असले तरी, आधी टेपने तपासावे आणि छातीच्या चौथ्या हिश्श्याशी ताडून पाहावे, असा आमचा दुसरा नियम झाला.

या दोन नियमांतून जे पार पडले, त्याकडे पाहताना माझ्या ध्यानात आले की आईची खरी विद्या सूत्रात नव्हती. सूत्र हे सर्वसाधारण शरीरासाठी असते, आणि ओटीवर माप द्यायला येणारी बाई कधीच सर्वसाधारण नसते. एका खाकी कागदावर "मास्तरीणबाई" असे लिहिलेले होते आणि त्यातील उजवा खांदा डाव्यापेक्षा पाव इंचाने उतरता कापलेला होता. म्हणून त्या कटिंगाला अर्धी पाठ पुरत नव्हती, ते घडीवर न काढता पूर्ण पसरून काढलेले होते. दुसऱ्या एकाच्या कटोरीला खळ लावून कागदाची अरुंद पट्टी जोडलेली, ती पुन्हा कातरलेली, आणि तिच्यावर तिसरी, त्याहून लहान पट्टी चिकटवलेली होती. कटोरीचा उभार दर मापाला ठरावीक वाढत नाही, तो अंगावर घालून, टाचून, पुन्हा उसवूनच सापडतो. त्या तीन पट्ट्या म्हणजे तीन वेळा घेतलेल्या मापाची नोंद होती. ज्या बायकांसाठी ही दुरुस्ती झाली, त्यांतील पुष्कळ आज हयात नाहीत. पण उतरता खांदा आणि भरलेला दंड ही काही त्यांच्याबरोबर गेलेली नाहीत, ती उद्याही माप द्यायला येतील. म्हणून ज्यावर हाताने केलेली दुरुस्ती दिसते ते कायम ठेवावयाचे, आणि कागद मोडकळीस आलेला असेल तर दातेरी चाकाने त्याची नक्कल नव्या कागदावर उतरवून घ्यावयाची, हा तिसरा नियम.

अमेरिकेत एबेनेझर बटरिक या शिंप्याने 1863 मध्ये मापवार कागदी नमुने विक्रीस आणले, आणि अशा छापील नमुन्यांचा मोठा संग्रह तिकडील र्‍होड आयलंडच्या विद्यापीठाने आज जतन करून ठेवला आहे. छापील नमुन्याच्या हजारो प्रती निघतात, एक नष्ट झाली तरी दुसरी कोठेतरी सापडण्याचा संभव असतो. घरात कातरलेल्या कटिंगाची प्रत एकच असते. ती रद्दीत गेली की तो विषय संपला.

तिसऱ्या दुपारी गाठोड्याच्या तळाशी, गंजलेल्या टाचणीने एकत्र टाचलेली पाच ब्लाउजांची कटिंगे निघाली. प्रत्येकावर "माझे" एवढाच शब्द होता. खांदे आणि सरळ धाग्याच्या रेषा जुळवून ती आम्ही एकावर एक ठेवली. छाती 32, मग 34, मग 36, पुन्हा 36, आणि शेवटी 34. चौथ्यात पाठ पाऊण इंचाने लांब झाली होती आणि पुढा अर्ध्या इंचाने आखूड. पाचव्यात हा फरक आणखी वाढलेला होता. शिवणकाम जाणणाऱ्यास याचा अर्थ सांगावा लागत नाही. पाठीला बाक आला की मागचे अंतर वाढते आणि पुढचे कमी होते. तसा फेरफार न केल्यास ब्लाउज मागून वर सरकते आणि पुढे चुण्या पडतात. आम्ही आईला वर्षानुवर्षे पाहत होतो, आणि ती वाकत चालल्याचे आम्हा दोघींच्याही लक्षात पुष्कळ उशिरा आले. तिने ते टेपने मोजून, कातरीने केव्हाच मान्य केलेले होते. अक्का बराच वेळ त्या पाच कागदांवरून हात फिरवीत बसली.

अखेरीस 97 कटिंगे रद्दीत गेली, 38 ची नक्कल करून मूळ कागद काढून टाकले, आणि 29 जशीच्या तशी ठेवली. ज्यांच्या घरी असे गाठोडे असेल त्यांना माझी विनंती एवढीच की ते न उलगडता टाकू नये आणि न उलगडता ठेवूही नये; आणि जे ठेवावयाचे त्यावर कोणाचे, केव्हाचे, कोणत्या छातीचे आणि माया धरलेली की धरावयाची, हे चार तपशील आजच लिहावेत, घडी न घालता ते गुंडाळून ठेवावे, आणि वर्षातून एकदा उन्हाची तिरीप नसलेल्या जागी हवा दाखवावी. आईच्या पाचव्या कटिंगाची नक्कल मी मांजरपाटावर उतरवली आहे. गेल्या महिन्यात अक्काचे ब्लाउज मी त्यावरूनच बेतले. पाठीत किंवा पुढ्यात कोठेही फेरफार करावा लागला नाही.