वतन, जहागीर आणि काव्य : शहाजीराजांचे कर्नाटकातील उत्तरायुष्य

मराठी वाङ्मयेतिहासात आणि शिवचरित्रपर लेखनात शहाजीराजे भोसले यांचे स्थान बहुधा प्रस्तावनेचे राहिले आहे. पुत्राच्या कर्तृत्वाची पार्श्वभूमी म्हणून त्यांचा उल्लेख होतो आणि १६३६ नंतरचे त्यांचे कर्नाटकातील आयुष्य काही ओळींत आटोपते. वस्तुतः हा कालखंड सुमारे अठ्ठावीस वर्षांचा आहे. ज्या राज्यासाठी ते लढले ते राज्य बुडाल्यावर, उतारवयाकडे झुकलेल्या एका सेनानायकाने परक्या मुलखात नवी भूमी शोधली, असे त्याचे स्वरूप आहे. ही भूमी त्यांना खऱ्या अर्थाने लाभली काय, हा प्रश्न राजकीय इतिहासाइतकाच वाङ्मयाच्या अभ्यासकाचाही आहे. कारण त्याचे उत्तर शोधताना सनदा आणि फर्मानांइतकाच जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’ या काव्याचा आधार घ्यावा लागतो.

जुन्या भूमीचा अस्त

शहाजीराजांच्या पूर्वायुष्यातील निष्ठांतरे प्रथमदर्शनी गोंधळात टाकणारी आहेत. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत ते निजामशाहीच्या बाजूने लढले. १६२५ मध्ये आदिलशाहीत गेले. १६२८ मध्ये परत निजामशाहीत आले. १६२९ मध्ये त्यांचे सासरे लखुजी जाधवराव यांची निजामशाही दरबारात हत्या झाली आणि पुढच्याच वर्षी शहाजीराजांनी मोगलांची चाकरी पत्करली. १६३२ मध्ये तीही सोडून ते पुन्हा निजामशाहीच्या रक्षणास उभे राहिले. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती पडल्यावर त्यांनी मूर्तझा नावाच्या अल्पवयीन राजपुत्रास पेमगिरी येथे गादीवर बसवून सुमारे तीन वर्षे कारभार चालविला. १६३६ मध्ये मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजांपुढे माहुलीच्या किल्ल्यावर त्यांना शरण यावे लागले. राजपुत्र मोगलांच्या स्वाधीन झाला आणि निजामशाही संपली.

या पराभवानंतर ते आदिलशाहीचे सरदार झाले. पुणे प्रांताचा मोकासा त्यांच्याकडे राहिला. परंतु त्यांना स्वतःला त्या प्रदेशात राहू देणे मोगलांना परवडणारे नव्हते आणि विजापुरालाही सोयीचे नव्हते. रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखालील कर्नाटकाच्या मोहिमेवर त्यांची रवानगी झाली. १६३८ मध्ये केंपेगौडाकडून बंगळूर घेण्यात आले आणि ते शहाजीराजांच्या वास्तव्याचे ठाणे झाले. केंपेगौडाचे घराणे मागडीस गेले. एकाची नवी भूमी ही दुसऱ्याची गेलेली भूमी असते, ही वस्तुस्थिती या कथेच्या आरंभीच नोंदवून ठेवली पाहिजे.

‘वतन’ या शब्दाचे दोन अर्थ

शहाजीराजांना बंगळुरात नेमके काय मिळाले, हे समजण्यासाठी दोन संज्ञांतील भेद लक्षात घ्यावा लागतो. ‘वतन’ हा शब्द मूळ अरबी; त्याचा अर्थ जन्मभूमी, स्वदेश. दक्षिणेतील सुलतानांच्या राज्यव्यवस्थेत आणि पुढे मराठीत त्याला वंशपरंपरागत अधिकार असा अर्थ प्राप्त झाला. पाटिलकी, देशमुखी, कुळकर्ण ही वतने होत. राज्य कोणाचेही आले तरी वतन सामान्यतः घराण्याकडे राही. भोसले घराण्याकडे वेरूळची पाटिलकी होती. त्या अर्थाने वेरूळ हे त्यांचे वतन होते.

मोकासा किंवा जहागीर ही याहून वेगळी गोष्ट. लष्करी चाकरीच्या मोबदल्यात ठरावीक प्रदेशाचा वसूल तोडून दिलेला असे. चाकरी संपली किंवा मालकाची मर्जी फिरली की ती जहागीर जाई. बंगळूर शहाजीराजांना या दुसऱ्या प्रकाराने लाभले. तेथे त्यांचा वाडा, दरबार, फौज आणि कारभारी होते. मात्र त्या भूमीवरील त्यांचा हक्क विजापूरच्या मर्जीवर अवलंबून होता.

हा हक्क किती नाजूक होता याचा प्रत्यय १६४८ मध्ये आला. जिंजीच्या वेढ्यात असताना मुस्तफाखानाच्या हुकुमाने शहाजीराजांना कैद करण्यात आले. या कामी बाजी घोरपडे पुढे होता. १६४९ मध्ये त्यांची सुटका झाली ती किल्ले परत देण्याच्या अटीवर. शिवाजी महाराजांना कोंढाणा सोडावा लागला आणि थोरले पुत्र संभाजीराजे यांच्याकडून बंगळूर मागण्यात आले. दहा वर्षे ज्या शहरात बस्तान बसविले ते शहर एका हुकुमासरशी सुटकेचे मोल ठरू शकत होते. पुढे संभाजीराजे कनकगिरीच्या मोहिमेत मारले गेले. आदिलशहास लिहिलेल्या एका पत्रात शहाजीराजांनी आपण रजपूत असल्याचे, चार पातशाह्यांत सेवा केल्याचे आणि अप्रतिष्ठा सोसून चाकरी करणार नसल्याचे कळविले आहे. उतारवयातील या माणसाजवळ दौलत होती, दरारा होता. परंतु कोणी काढून घेऊ शकणार नाही अशी भूमी त्या मुलखात नव्हती.

चंपूतील बंगळूर

गद्य व पद्य यांच्या मिश्रणातून रचलेल्या काव्यास संस्कृत साहित्यशास्त्रात चंपू म्हणतात. जयराम पिंड्ये हा मूळचा नाशिक परिसरातील कवी. शहाजीराजांची कीर्ती ऐकून तो दक्षिणेत आला. वि. का. राजवाडे यांनी १९२२ साली त्याच्या काव्याची संहिता विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केली. काव्याच्या पूर्वार्धात राधाकृष्णाच्या शृंगाराचे वर्णन आहे. उत्तरार्धात शहाजीराजांचा दरबार, त्यांचा दिनक्रम आणि त्यांच्या पदरचे विद्वान येतात. अखेरच्या उल्लासात नाना भाषांतील कवींच्या रचना येतात.

जयरामाने दरबारात प्रवेश करताना बारा नारळ राजांपुढे ठेवले आणि आपण बारा भाषांत कविता करू शकतो असे त्यांचे मर्म सांगितले, असा प्रसंग या काव्यात आहे. संस्कृत-प्राकृताबरोबर उत्तरेकडील बोली, यावनी आणि कानडी अशा अनेक भाषा या दरबारात ऐकू येतात. एका प्रसिद्ध रचनेत तर उत्तर दिशेचे रक्षण शहाजहानाकडे आणि दक्षिणेचे शहाजीकडे, अशी जगाची वाटणी कल्पिली आहे. ज्याला मोगलांनी माहुलीवर शरण आणले, तोच येथे मोगल बादशहाच्या तोलाचा ठरतो.

ही आश्रित कवींची स्तुती आहे, म्हणून ती इतिहासाच्या कामाची नाही, असा आक्षेप घेता येईल. राजवाड्यांनी या काव्यातून तत्कालीन समाजस्थिती, व्यक्तिनामे आणि भाषा यांविषयीचे तपशील काढून घेतले. पुढील अभ्यासकांचा भरही बहुतांशी त्या तपशिलांच्या खरेखोटेपणावर राहिला. परंतु स्तुतिकाव्याकडे आणखी एका दृष्टीने पाहता येते. स्तुती राजा कसा होता हे खात्रीने सांगत नाही; राजाला आपल्याविषयी काय ऐकावयाचे होते, हे मात्र ती निश्चित सांगते. विजापूरचा एक सरदार बंगळुरात बसून स्वतःस दक्षिणेचा रक्षक म्हणवून घेतो, बारा भाषांचे कवी भोवती जमवितो आणि त्यात कानडीला जागा देतो, तेव्हा तो केवळ वसूल गोळा करणारा जहागीरदार राहिलेला नसतो. जे स्थान सनदेने दिले नाही ते काव्यातून उभे करण्याचा हा प्रयत्न आहे. दरबाराची बहुभाषिकता ही विद्वत्तेची हौस तर होतीच. शिवाय अनेक प्रदेशांतून आलेल्या फौजेला, कारभाऱ्यांना आणि स्थानिक लोकांना एका छत्राखाली दाखविण्याची ती रीतही होती.

‘शिवभारता’तील शहाजी

कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात हाच पुरुष निराळ्या प्रकाशात दिसतो. त्यात भातवडीचे युद्ध, निजामशाहीचा अखेरचा संघर्ष, बंगळुरातील वास्तव्य आणि जिंजीची कैद यांचे वर्णन येते. मात्र काव्याचा नायक शिवराय असल्याने सर्व घटनांची दिशा पुण्याकडे वळलेली आहे. शहाजीराजांनी पुण्याचा अधिकार देऊन शिवरायांची रवानगी केली, या प्रसंगाला तेथे विशेष महत्त्व येते. जयरामाच्या काव्यात बंगळूर हे केंद्र आहे. परमानंदाच्या काव्यात ते कथेच्या वाटेवरील मुक्काम आहे. मराठी अभ्यासपरंपरेने बहुधा परमानंदाची दिशा स्वीकारली, आणि शहाजीराजांचे उत्तरायुष्य प्रस्तावनेत जाऊन बसले. दोन्ही काव्ये समोरासमोर ठेवून वाचल्याशिवाय हा पक्षपात ध्यानात येत नाही.

पुढील पिढ्यांचा निर्णय

२३ जानेवारी १६६४ रोजी बसवापट्टणच्या परिसरातील होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजांचा अंत झाला. त्या वेळी त्यांनी साठी ओलांडलेली होती. त्यांची समाधी तेथेच आहे. वडील मालोजी वेरूळचे. पुत्र शिवराय रायगडी विसावले. मधल्या पिढीची समाधी कानडी मुलखात आहे.

बंगळूर घराण्याचे झाले की नाही, याचा निवाडा पुढे पुत्रांच्या वादात दिसतो. १६७७ च्या कर्नाटक मोहिमेत शिवाजी महाराजांनी व्यंकोजीराजांकडे वडिलांच्या दौलतीतील अर्धा वाटा मागितला. चाकरीपोटी मिळालेल्या जहागिरीत भावाभावांचा वाटा संभवत नाही. तो वडिलार्जित मालमत्तेत संभवतो. म्हणजे शहाजीराजांच्या हयातीत जी भूमी विजापूरच्या मर्जीची होती, तिला त्यांच्या मृत्यूनंतर पुत्र वतनासारखे मानू लागले होते. पुढील तहात महाराजांनी बंगळूर व काही परगणे व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी दिले, या तपशिलातही घराण्याच्या मालकीची हीच भावना आहे.

खुद्द बंगळूर फार काळ टिकले नाही. १६८७ मध्ये ते मोगलांच्या हाती पडले आणि त्यानंतर म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयराकडे गेले. स्थिर भूमी लाभली ती तंजावरात. व्यंकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास तेथे सत्ता स्थापन केली आणि भोसल्यांची ती शाखा १८५५ पर्यंत टिकली. व्यंकोजींचे पुत्र शाहजी यांनी आजोबांचे नाव धारण केले होते. १६८४ ते १७१२ या त्यांच्या कारकीर्दीत तेलुगू व मराठी नाट्यरचना झाल्या. ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे मराठी नाटक त्यांच्याच नावावर आहे. १८०३ साली दुसऱ्या सरफोजीराजांनी बृहदीश्वर मंदिरात भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. बंगळूरच्या दरबारात अनेक भाषांना एकत्र बसविण्याची जी रीत दिसते, तीच तंजावरात तमिळ, तेलुगू, मराठी व संस्कृत यांच्या सहवासातून फळास आली.

या दृष्टीने ‘राधामाधवविलासचंपू’चे वाचन केवळ शिवपूर्वकालाचे साधन म्हणून न करता, दक्षिणेतील मराठी वाङ्मयाचा प्रारंभबिंदू म्हणूनही करावयास हवे. पदव्युत्तर अभ्यासक्रमात तंजावरची नाटके शिकविताना त्यांचा संबंध थेट सतराव्या शतकाच्या मध्यातील बंगळुराशी जोडला, तर मराठीच्या दक्षिणेतील विस्ताराची कहाणी अधूनमधून उमटणाऱ्या नोंदींची न राहता सलग होईल. तिच्या आरंभी हक्काची भूमी नसलेला एक वयस्क सेनानी आणि त्याच्यापुढे बारा नारळ ठेवणारा एक कवी दिसतो.